पहिलं नाव कुणाचं

आमच्याकडं लग्नात अक्षता पडायच्या आधी चांगला तासभर माइकवर नावं पुकारतात. कोण कुठून आलं, कुणाला फेटा बांधायचा, कुणाला नुसती टोपी आणि नारळ द्यायचा, सगळं त्या माइकवरून ठरतं. घोडेगावात आणि आसपासच्या गावांत हे काम माझे सासरे करायचे. मी त्यांना मामा म्हणायची. मामा माइकपुढं उभे राहिले की मांडवातली कुजबुज थांबायची, कारण ज्याला त्याला आपलं नाव कितवं येतं ते ऐकायचं असायचं. आताच्या सरपंचाचं नाव माजी सभापतीच्या आधी गेलं म्हणून न जेवता उठून गेलेली माणसं मी डोळ्यांनी पाहिलीत. मामांच्या हातून मात्र अशी चूक कधी झाली नाही. जुन्नर म्हणू नका, आंबेगाव म्हणू नका, दोन्ही तालुक्यांत कोण कुणाच्या वर, ते त्यांच्या डोक्यात पक्कं होतं.

हे आधी सांगते, कारण आमचं वाटोळं इथूनच झालं. लोक म्हणतात, त्या मोठ्या सर्च इंजिनपुढं तुमच्या साईटचा काय टिकाव लागणार होता? म्हणोत बापडे. त्याला आम्ही आहोत हेसुद्धा ठाऊक नव्हतं.

माझं माहेर आणे. पठारावरचं गाव, पाण्याची कायम बोंब. घोडेगावात दिली तेव्हा आई म्हणाली, पाण्याच्या गावात पडलीस, नशीब काढलंस. पाणी होतं, पण नवरा नव्हता. हे पुण्यात एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करायचे. शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं यायचे, सोमवारी पहिल्या गाडीनं जायचे. आळीतल्या बायका नळावर विचारायच्या, "काय गं, आला का तुजा शनवारचा नवरा?" मीही हसायची. हसायची नाही तर काय करायची. पण आमची मुलगी दोन वर्षांची झाली आणि एका शनिवारी हे दारात बूट काढत असताना ती आत पळत आली आणि मला म्हणाली, "आई, पावणं आलं." त्या दिवशी माझं हसू गेलं. ह्यांनी ऐकलं होतं. त्या रात्री ते नीट जेवले नाहीत.

ही नव्वदची शेवटची वर्षं. एकदा मला डोळे दाखवायला पुण्याला नेलं होतं, तेव्हा हे मला एका सायबर कॅफेत घेऊन गेले. त्या वेळी इंटरनेटवर शोधायचं दुकान एकच नव्हतं, चांगली पाच-सहा होती. एकात विचारलं तर एक उत्तर, दुसऱ्यात विचारलं तर भलतंच. ह्यांना त्या सगळ्यांची नावं पाठ. मग त्यांनी एक नवं दाखवलं. पांढरं स्वच्छ पान, मधे एक पट्टी, बाकी काही नाही. "हा बघ. ह्यानं बाकीच्यांची सुट्टी करून टाकलीय. आणखी दोन वर्षांत त्यांचं नावसुद्धा कोणी घेणार नाही." मी म्हटलं, बघू तरी, ह्याला घोडेगाव माहीत आहे का. ह्यांनी टाकलं. एकही ओळ आली नाही. मी म्हणाले, "जाऊ द्या, घोडेगावला तरी हा कुठं माहितीये."

मी आपली चेष्टेत बोलले होते. ह्यांच्या मात्र ते डोक्यात बसलं, परतताना मंचरला गाडी थांबल्यावर म्हणाले, "त्याला हरवायला जायचंच नाही. त्याला जिथलं दिसत नाही, तिथं आपण उभं राहायचं."

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हे मी आजही म्हणते. मराठी तेव्हा त्या मोठ्याला वाचताच येत नव्हतं. प्रत्येक पेपरचा फॉन्ट वेगळा, एकाचं दुसऱ्यात उघडलं की नुसता किडामुंगीचा खेळ. आणि आमच्या माणसांना विचारायचं काय असतं? आहुप्याची गाडी किती वाजता सुटते, मोटर कोण बांधून देतं, टोमॅटोची रोपं कुठं मिळतील, बाळंतपण कोण करतं. हे त्या मोठ्याला कोण सांगणार होतं? शिवाय आमच्याकडं कुणी काही विचारलं की आधी आपण उलट विचारतो, पावणं कुठलं? गाव कळलं की मग उत्तर. आण्याच्या माणसाला बेल्ह्याचा मिस्त्री सांगायचा, आहुप्याच्या माणसाला घोडेगावचा. ह्यांनी आपली स्वतःची शोधायची साईट करायला घेतली आणि तिच्यात तेच घातलं. शोधायच्या पट्टीच्या वर एक छोटी पट्टी, तिच्यावर लिहिलेलं, "गाव कोणतं?" ते भरल्याशिवाय पुढं जाताच यायचं नाही. मोठ्यानं कधी कुणाला गाव विचारलं नव्हतं. आम्ही आधी तेच विचारत होतो.

ह्यांनी नोकरी सोडली. मला आणि मामांना समोर बसवून सांगितलं की दोन वर्षं करून बघतो. चाललं तर कायमचा इथं राहीन, नाही चाललं तर परत पुणं. मामा म्हणाले, "बघ बाबा." मला साईटमधलं ओ की ठो कळत नव्हतं तेव्हा. मला एवढंच कळलं, ही चालली तर माझा नवरा घरी राहील. मी कंबर कसली.

बाजारपेठेत एका शेठचं हार्डवेअरचं दुकान होतं. राजस्थानातून आलेलं जैन घराणं, पण तीन पिढ्या इथं गेलेल्या, मराठी आमच्याहून चोख. मामांवर त्यांचा जीव. त्यांनी दुकानावरचा माळा आम्हाला वापरायला दिला. पुढं मी सायबर कॅफे चालवायची, मागं पत्र्याच्या आडोशाला हे साईटचं काम करायचे. लाईट गेली की बॅटरीवर एक मशीन चालायचं, टेलिफोनची लाईन पडली की तेही नाही. पण माणसं यायची. त्यांना टाइप करता यायचं नाही, ती आपली माझ्या खुर्चीमागं उभी राहून सांगायची आणि मी टाकायची. शिकता शिकता मला त्यातलं बरंच कळायला लागलं.

खरी पंचाईत झाली ती माहिती जमवताना. हे दुकानादुकानांतून हिंडायचे, पण लोक काही सांगायला तयार नाहीत. "कशापायी पायजे तुमाला आमचा फोन नंबर? टॅक्सवाल्याला देताय काय?" चांगला महिना गेला आणि हाती धड काही लागेना. शेवटी मामा म्हणाले, चल, मी येतो. मामा बरोबर गेले आणि सगळी दारं उघडली. मामांच्या तोंडाकडं बघून लोकांनी चहा पाजून माहिती दिली. निमगाव सावापासून डिंभ्यापर्यंत मामा एसटीनं फिरले ह्या वयात. साईटमधे जे काही होतं ते मामांच्या शब्दावर आलेलं होतं, हे नाकारून कसं चालेल.

आणि मग मामांनी पहिल्यांदा पडद्यावर बघितलं. ह्यांनी नावं अ-आ-इ-ई अशी लावली होती. मामांनी चष्मा पुसला, परत घातला. "हा कोण पहिला? ह्याला कोण वळखतं? आन् आपलं डॉक्टरसाहेब सातवे?" हे समजवायला लागले की आबा, हे अक्षरांप्रमाणे आहे. मामा म्हणाले, "आक्षरांना कसला मान? मी त्या मान्साच्या वट्यावर बसून माहिती आणली. उद्या त्यानं बघितलं तर मी काय तोंड दाखवू?" मग दोन दिवस बसून मामांनी सगळी नावं मानाप्रमाणे लावून दिली. डॉक्टर, मिस्त्री, खतवाले, मांडववाले, सगळे. वय, घराणं, गावात काय केलं, कुणाच्या शब्दाला किती वजन, असं सगळं बघून. ह्यांना वाटलं, काय फरक पडतो? नावं तर सगळी आहेतच.

सुरुवातीला फरक पडलाही नाही. ती साईट चालली हो. मी खोटं कशाला सांगू. बाजारच्या दिवशी जिन्यावर माणसं उभी राहायची. मामा लग्नात माइकवरून सांगायचे, "आपल्या दोन तालुक्याचं सर्च इंजिन निघालंय मंडळी, लाभ घ्यावा." पुण्यामुंबईत गेलेली आमच्याकडची मुलं तिथून बघायची, घरी फोन करून सांगायची. हे रोज संध्याकाळी घरी जेवायला. मुलीला शाळेत सोडायला हे, आणायला हे. नळावर एकदा एकीनं विचारलं, "शनवारचा नवरा रोजचा झाला का गं?" मी म्हटलं, झाला, आणि आता कंटाळा येईस्तोवर ठेवून घेणार आहे. ती दोन वर्षं मी सुखात होते. तेवढीच.

मग हळूहळू कुरबुर सुरू झाली. ट्रॅक्टरच्या मिस्त्र्यांत पहिलं नाव सरपंचाच्या भावाचं. त्यानं गॅरेज केव्हाच सोडून राजकारण धरलेलं. लोक तिकडं हेलपाटा घालून यायचे आणि मला म्हणायचे, "वहिनी, त्यो आता गाड्या नीट करत न्हाई, मान्सं बिघडवतो." त्याला खाली घ्यायचं तर मामा तयार नाहीत. मांडववाल्यांत पहिला होता त्याचे बांबू मोडलेले. पुढं पुढं तर हुशार माणसं आमच्या साईटवर शेवटचं नाव आधी बघायला लागली. मी ह्यांना सांगितलं, हे हसले, म्हणाले करू काहीतरी. पण मामांपुढं बोलायची वेळ आली की यांची जीभ टाळ्याला.

आणि त्यात डॉक्टरसाहेब गेले. अर्ध्या तालुक्याचा जन्म त्यांच्या हातून झालेला. माणूस खरंच देवासारखा होता, त्यात शंका नाही. त्यांचा मुलगा बाहेरगावी डॉक्टरकी शिकत होता, एक-दोन वर्षांत येऊन दवाखाना उघडणार होता. दहाव्याला घाटावर मामांनी सगळ्यांसमोर त्या घराला शब्द दिला, पोरगा येईस्तोवर साहेबांचं नाव पहिलंच राहील, गादी रिकामी दिसू द्यायची न्हाई. आमच्याकडं असं करतात. पत्रिकेत, मांडवात, गेलेल्या माणसाची जागा वर्ष-दोन वर्षं धरून ठेवतात. त्यात वाईट काही नाही. हे भीत भीत म्हणाले, मग निदान नावापुढं कैलासवासी लावू. मामा म्हणाले, "ते लावलं का दवाखाना बंद पडल्यासारखा दिसतो."

"बंद पडलाच आहे की, मामा," मी म्हणाले. "मेलेल्या माणसाचं नाव वर ठेवून बरं कुणाला करणार?"

"सूनबाई, तुमी कधी माइकपुढं हुब्या राह्यल्या न्हाई," मामा शांतपणे म्हणाले. "आन् गावात कुणाला ठाव न्हाई साहेब गेले ते? सगळ्यांना ठाव हाये. कोण जातंय तिथं?"

तेही खरंच होतं. गावात सगळ्यांना माहीत होतं. पण ज्याला सगळं माहीत आहे तो शोधायला कशाला येईल? शोधतो तो ज्याला माहीत नाही तो. हे एवढं साधं मला तेव्हा बोलता आलं नाही, आणि बोलले असते तरी कुणी ऐकलं असतं असं नाही.

डोंगरातल्या एका आश्रमशाळेत नगरकडचा एक तरुण मास्तर नवीनच आलेला होता. बाजारच्या दिवशी खाली यायचा, कॅफेत बसायचा. आमच्या साईटचं त्याला भारी कौतुक. म्हणायचा, वहिनी, परक्या मुलखात आलो, पण तुमच्या साईटमुळं परकं वाटत नाही. त्याची बायको गरोदर होती. श्रावणात एके दिवशी पहाटे तिच्या कळा सुरू झाल्या. पाऊस, घाटात दरड, जीप मिळेस्तोवर उजाडलं. कॅफेत बसून त्यानं आधीच बघून ठेवलेलं होतं की बाळंतपणाला पहिलं नाव कुणाचं. तो सरळ तिथं घेऊन गेला. बोर्ड तसाच होता, गेटला कुलूप होतं. त्यानं बराच वेळ गेट वाजवलं तेव्हा मागच्या घरातून डॉक्टरसाहेबांच्या पत्नी आल्या. त्यांनी सांगितलं, भाऊ, साहेब जाऊन वर्ष व्हायला आलं. त्या माउलीनं बाईला पाणी पाजलं आणि जीपवाल्याला दुसरीकडचा रस्ता दाखवला. पण तोवर उशीर झाला होता. बाई वाचली, मूल गेलं.

तो दोन-तीन आठवड्यांनी कॅफेत आला. मी त्याला ओळखलंच नाही आधी, दाढी वाढलेली. बसला नाही. मला वाटलं, आता ओरडेल, शिव्या घालेल, घालाव्यात. तो एवढंच म्हणाला, "वहिनी, तुमच्या साईटवर त्यांचं नाव पहिलं होतं. ते काढा. दुसऱ्या कुणाला नको." आणि जिना उतरून गेला. नंतर त्यानं बदली करून घेतली असं कळलं. मला आजही त्या जिन्यावरचे त्याचे पाय दिसतात, सावकाश एकेक पायरी उतरणारे. रडायलाही आलं नाही मला.

ह्यांनी त्याच संध्याकाळी डॉक्टरसाहेबांचं नाव काढलं. नुसतं तेवढंच नाही, मामांनी लावलेला सगळा क्रम मोडला. आता लोक ज्याच्याकडं जातात आणि जाऊन आल्यावर बरं बोलतात, तो वर. म्हणाले, "मोठाही हेच करतो. जास्त लोक ज्याच्याकडं बोट दाखवतात तो पहिला. त्याचाही एक प्रकारचा मानच आहे तो. फक्त त्याला घाटावर जाऊन शब्द द्यावा लागत नाही."

मामांना ते आमच्याकडून कळलं नाही. कळवंडी गावातल्या एका लग्नात डॉक्टरसाहेबांच्या भावानं त्यांच्याकडं पाठ फिरवली, तेव्हा कळलं. घरी आले ते फेट्यासकट तसेच ओट्यावर बसले.

"मी शब्द दिला व्हता," ते म्हणाले.

"आबा, एक पोर गेलं."

"ते मला कळत न्हाई व्हय रं? मी काय दगड हाये? मला सांगायचंस. मी त्या घरी गेलो असतो, पाय धरले असते, म्हनलो असतो आसं आसं झालंय, नाव काढू द्या. त्यांनी न्हाई म्हनलं नसतं. तू मला न इचारता काढलंस. माझा शब्द मोडलास ना तू, मान्सांत."

दोघांचंही खरं होतं आणि त्याचा उपयोग काहीच नव्हता. मला दोघांचा राग आला. बापाचा आला, कारण त्यानं मेलेल्याची गादी राखली. नवऱ्याचा आला, कारण त्याला जे वर्षाआधी बोलायचं होतं ते मूल गेल्यावर सुचलं. भांडून घ्यायचं होतं मला, पण कुणाशी भांडू? त्या दिवसापासून बापलेक एका घरात राहून एकमेकांशी बोलायचे बंद झाले. निरोप असला की माझ्यामार्फत. "त्याला सांग पेंड संपलीय." "त्यांना सांग, आणतो." समोरासमोर बसून.

क्रम बदलल्यावर बाजारपेठेला आग लागली म्हणा ना. ज्याचं नाव वर गेलं त्याला काही वाटलं नाही, ते त्याचं हक्काचंच होतं म्हणे. ज्याचं खाली गेलं तो मामांना रस्त्यात अडवायचा. "दादा, तुमच्या ओळखीवर आमी माहिती दिली, आन् तुमी आमाला सातवं बसवलं?" कुणी दुकान हलवलं तर कळवेना, कुणाचा फोन बदलला तर सांगेना. विचारायला गेलं की "तुमच्या कॉम्प्युटरला इचारा" म्हणायचे. सहा महिन्यांत आमच्याकडचे निम्मे पत्ते शिळे झाले. आणि लोक तरी कशाला राहतील? आधी मानानं लावलं तेव्हा माहिती घेणारे कंटाळून गेले. मग कामानं लावलं, तर देणारे रुसून गेले. आता तिसरं काय लावायचं होतं आम्ही?

शेठचं नाव त्यांच्या चुलतभावाच्या दुकानाखाली गेलं होतं. शेठ चांगला माणूस. वर आले, मला म्हणाले, "वहिनी, चहा टाका." चहा प्याले, मुलीची चौकशी केली. कप ठेवताना म्हणाले, "दिवाळीनंतर माळा लागंल आमाला. माल वाढलाय." माल काही वाढला नव्हता. खालचं गोडाऊन अर्धं रिकामं होतं, रोज जिना चढताना मला दिसायचं. मी म्हटलं, बरं शेठ. ह्यांनी तर मान वर करूनही बघितलं नाही.

त्याच सुमाराला त्या मोठ्याला मराठी यायला लागलं. पेपरांचे फॉन्ट एक झाले, त्याच्या पांढऱ्या पानावर मराठी अक्षरं आली. एका दुपारी कॅफेत कॉलेजची दोन मुलं बसली होती, त्यातल्या एकानं आमची साईट बंद करून ते पान उघडलं. आमच्याच मशीनवर, माझ्या समोर. घोडेगाव टाकलं. पान भरून आलं. हे मागं उभे राहून बघत होते. मुलं गेल्यावर त्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "त्याचं बरं आहे गं. तो कुठंच राहत नाही. त्याला उद्या सकाळी उठून कुणाला तोंड दाखवायचं नसतं. आपल्याला बाजारातून भाजी आणायची असते." मी मशीन पुसत राहिले. बाहेर गाडीवाला कणसं भाजत होता, त्याचा वास वरपर्यंत येत होता.

दिवाळी झाली. माळा रिकामा केला. तुळशीचं लग्न झाल्यावरच्या सोमवारी पहिल्या गाडीनं हे पुण्याला गेले. मामा ओट्यावर बसलेले होते. बापानं लेकाकडं बघितलं, लेकानं बापाकडं, आणि दोघांनीही माझ्याकडं बघितलं, मी काहीतरी निरोप सांगेन म्हणून. माझ्याकडं निरोप नव्हता. मुलगी आता शाळेत जाणारी, कळती झालेली. तिनं विचारलं, बाबा शनिवारी येणार ना? मी म्हटलं, येणार की.

यायचेही, पहिलं वर्ष. मग पंधरा दिवसांनी. मग पुण्याचं बंगळूर झालं. काम काय, तर कुणी काय शोधलं तर कुठलं पान वर यावं, ते तपासायचं. तिथल्या कुठल्याशा कंपनीत. मी फोनवर म्हणाले, म्हणजे मामांचंच काम की. ते हसले नाहीत. सणाला यायचे, मग एका दिवाळीला सुट्टी मिळाली नाही, मग दुसऱ्या. नळावरच्या बायकांनी विचारायचं सोडलं. त्यांनी चेष्टा केली असती तर बरं वाटलं असतं मला, इतकं ते वाईट होतं.

मामांनाही लग्नात बोलावणं यायचं, पण माइकवर नाही. एक टाय घालणारा तरुण निवेदक आला होता, हिंदी शेर म्हणायचा, नावं कशीही घ्यायचा, मधेच सभापती, मधेच नवरीचा मामा. लोकांना त्याचं काही वाटेना. मामा मांडवात मागच्या खुर्चीवर बसायचे आणि प्रत्येक चुकीच्या नावाला ओठातल्या ओठात बरोबर नाव म्हणायचे. मी शेजारी बसलेली असायची, म्हणून मला ऐकू यायचं.

कॅफेतलं एक मशीन मी घरी आणून ठेवलं होतं. मुलीच्या अभ्यासाला म्हणून. परवा-परवापर्यंत चालायचं. एका दुपारी मामा आत आले. किती वर्षांत त्या मशीनकडं फिरकले नव्हते. काठी भिंतीला लावली, खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. म्हणाले, "त्यात आता समदं दिसतं म्हणत्यात."

"दिसतं, मामा."

"मग त्याचं नाव टाक."

मी ह्यांचं नाव टाकलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. पान भरून आलं. कुणी कोल्हापूरचा वकील, कुणी परदेशात डॉक्टर, कुणी क्रिकेट खेळणारा. पुढचं पान, त्याच्या पुढचं पान. सगळी ह्यांच्याच नावाची माणसं, आणि हे कुठं नव्हते. मामांना आता बारीक वाचता यायचं नाही. ते पडद्याकडं नाही, माझ्या तोंडाकडं बघत होते.

"कितवा आला?" त्यांनी विचारलं.

"पहिला," मी म्हणाले. "पहिलंच नाव आहे, मामा."

त्यांनी मान डोलवली. बराच वेळ डोलवत राहिले. मग पुढं सरकून बसले, काठीकडं गेलेला हात परत मागं घेतला आणि अगदी हळू आवाजात, कधी माइकवर न काढलेल्या आवाजात म्हणाले, "मग घरला कधी येनार हाये, तेबी असंल की त्यात. बघ बरं."

मी बोटं कीबोर्डवर ठेवली. ते वाट बघत बसले होते, म्हणून मी दोन-चार कळा दाबल्या.